लाल डोऱ्याच्या आतला कोरा नकाशा

रात्रीच्या वेळी उपग्रहाने टिपलेले राजधानी परिसराचे चित्र पाहिले, की पहिल्यांदा लक्षात येते ते हे की त्यात सीमा नाहीत. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद, गुरुग्राम ही पाच नावे, तीन राज्यांची सरकारे आणि डझनावारी प्राधिकरणे. पण प्रकाशाच्या चित्रात यमुनेची एक काळसर पट्टी सोडली तर सारा एकच डाग आहे. त्या डागाच्या पूर्व कडेला, आज जिथे नोएडाचे गोल्फ मैदान आहे, तिथे एक जुना स्तंभ उभा आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचा पराभव करून इंग्रजांनी दिल्ली घेतली, त्याचे ते स्मारक. भूवापराच्या आधुनिक नकाशात या रणभूमीचा रंग ‘मनोरंजन’ या वर्गाचा आहे. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाने त्यावर फार वेळ थांबू नये हे बरे; पण कुठल्याही भूवापर नकाशाची जात मात्र या एका उदाहरणातून कळते. जमिनीवर आत्ता काय दिसते ते तो सांगतो. त्या जमिनीचे पूर्वी काय झाले आणि ती कुणाची, हे तो सांगत नाही.

अलीकडे ‘बिग डेटा’ हा शब्द प्रशासनात सर्रास ऐकू येतो. डेटाला मराठीत विदा म्हणण्याची प्रथा आहे, त्यामुळे याला महाविदा म्हणू. उपग्रहांची चित्रे, मोबाइलच्या मनोऱ्यांवरील नोंदी, मेट्रोच्या कार्डांवरचे प्रवास, बसगाड्यांची क्षणाक्षणाची स्थाने, वीजजोड, मालमत्ता कराच्या पावत्या : हे सगळे कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी गोळा केलेले असते, आणि नगररचनेचे अभ्यासक त्यातून शहराची ठेवण वाचतात. लोक कुठे झोपतात, कुठे कामाला जातात, शहराचे केंद्र एक की अनेक, शेत कोणत्या वर्षी वस्ती झाले. दिल्लीत २०१८ साली राज्याच्या परिवहन विभागाने आणि दिल्लीच्या आयआयआयटीने मिळून बसगाड्यांची विदा सर्वांना खुली केली. गूगलने उपग्रहचित्रांवरून यंत्राकडून एकेका इमारतीची बाह्यरेषा काढून घेतली, त्यात आता भारतही आहे. दशवार्षिक जनगणना २०११ नंतर झालीच नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली. मधल्या काळात ज्याला दिल्लीविषयी काही आकडा हवा होता त्याला या महाविदेकडेच वळावे लागले. म्हणजे हा केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. पाणी कुठे द्यायचे, बस कुठून न्यायची, आणि घर कुणाचे पाडायचे, हे त्यावरून ठरू लागले आहे.

परंतु साधने नवी असली तरी हा खटाटोप नवा नाही. दिल्लीची जमीन गेली शंभराहून अधिक वर्षे सतत मोजली जात आहे. आणि प्रत्येक मोजणीने एक जागा कोरी सोडली, व शहर नेमके त्या कोऱ्या जागेत वाढले.

सुरुवात पटवाऱ्यापासून करायला हवी. १९१२ पर्यंत दिल्ली हा पंजाब प्रांतातला एक जिल्हा होता, त्यामुळे तिथली महसुली परिभाषा पंजाबी-उर्दू घडणीची आहे. आपल्या गट नंबराच्या जागी तिथे खसरा नंबर, तलाठ्याच्या जागी पटवारी, आणि पीकपाहणीच्या जागी गिरदावरी. वर्षातून दोनदा, खरीप आणि रब्बी अशा दोन हंगामांत, पटवाऱ्याने प्रत्येक शेतात प्रत्यक्ष जाऊन तिथे काय उभे आहे ते लिहायचे : गहू, बाजरी, पडीक, विहीर. जिल्ह्यातल्या प्रत्येक तुकड्याचा भूवापर, वर्षातून दोन वेळा, दशकानुदशके. आजच्या उपग्रहालाही ही शिस्त लाजवील. महाविदा हा शब्द कुणाला सुचण्याआधीची ती महाविदाच होती, फक्त ती कापडी नकाशांवर आणि बस्त्यांत बांधलेली होती.

१९०८-०९ च्या बंदोबस्तात या नकाशांवर प्रत्येक गावाच्या वस्तीभोवती एक लाल रेघ ओढली गेली. तिलाच पुढे ‘लाल डोरा’ हे नाव पडले. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये, कारण आपले गावठाण म्हणजे जवळजवळ तेच. रेघेच्या बाहेर शेती, तिच्यावर सारा. रेघेच्या आत घरे, गोठे, खळी, त्यांच्यावर सारा नाही. ज्यावर सारा नाही त्याची तपशीलवार नोंद ठेवण्यात सरकारला रस नव्हता, म्हणून सारी वस्ती मिळून ‘आबादी’ असा एकच शेरा. कुणाचे घर किती, भिंत कुणाची, अंगण कुणाचे, हे गावाला माहीत होते. कागदाला माहीत नव्हते. यात कुणाचा दुष्टावा नव्हता, कामाची काटकसर होती. शेतकऱ्याचा एक बिस्वा इकडचा तिकडे झाला तर दप्तरात सापडे, आणि त्याचे राहते घर मात्र दप्तराच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते.

डिसेंबर १९११ मध्ये राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा झाली आणि भूसंपादनाचे युग सुरू झाले. त्याचा सर्वांत मोठा टप्पा मात्र स्वातंत्र्यानंतरचा. फाळणीनंतर निर्वासित आले. १९४१ साली ९ लाख १८ हजार असलेली दिल्लीची लोकसंख्या १९५१ मध्ये १७ लाख ४४ हजार झाली. १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची प्रचंड साथ आली, आणि शहराचे नियोजन हा विषय अचानक निकडीचा झाला. १९५५ साली नगररचना संघटना स्थापन झाली, १९५७ च्या कायद्याने दिल्ली विकास प्राधिकरण आले, फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने अल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी आले. त्यांनी आणि भारतीय नगररचनाकारांनी मिळून घरोघरी, गल्लोगल्ली पाहण्या केल्या. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या मसुद्याचा दुसरा खंड निव्वळ या अभ्यासांचा आहे. संगणक नसताना केलेले ते काम आजही वाखाणण्याजोगे आहे. नंतरच्या आराखड्यांनी इतके पाय झिजवले असतील असे मला वाटत नाही.

१३ नोव्हेंबर १९५९ रोजी ३४,०७० एकर जमिनीच्या संपादनाची अधिसूचना निघाली. घेतली ती शेते. आबादी वगळली. १ सप्टेंबर १९६२ पासून मास्टर प्लॅन लागू झाला आणि गावांच्या शेतांवर आखीव वसाहती उभ्या राहू लागल्या. १९६३ मध्ये महानगरपालिकेने लाल डोऱ्याच्या आतील घरांना बांधकाम परवानगीच्या नियमांतून सूट दिली. ग्रामीण घराला नकाशा मंजूर करून घ्यायला लावणे त्या काळी अन्यायाचेच ठरले असते. पण भोवती महानगर आले होते. शेत गेलेल्या कुटुंबाकडे उरले होते एक घर, ज्यावर कितीही मजले चढवायला कुणाची हरकत नव्हती. मुनिरका, शाहपूर जाट, कोटला मुबारकपूर, खिडकी. जेएनयूमध्ये शिकलेल्या कितीतरी मराठी मुलांनी मुनिरक्याच्या अंधाऱ्या जिन्यांवर दिल्लीतला पहिला हिवाळा काढला आहे. शाहपूर जाटमध्ये १९८२ च्या एशियाडसाठी बांधलेल्या क्रीडाग्रामाच्या अगदी भिंतीलगत शिवणयंत्रांचे कारखाने, त्यांवर कारागिरांच्या खोल्या, आणि रस्त्याच्या तोंडाशी महागड्या कपड्यांची दुकाने. १९०८ साली ज्या जागेची नोंद करण्यात अर्थ नव्हता, ती जागा शहराची सर्वांत दाट जागा झाली. आणि नोंद अजूनही तीच : आबादी.

मास्टर प्लॅनची दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. त्याच्या तक्त्यात एका भूखंडाला एक वापर होता : निवासी पिवळा, औद्योगिक जांभळा, व्यापारी आणखी कुठला. शाहजहानाबादच्या हवेलीत खाली गोदाम, चौकात जरीकाम, वर कुटुंब आणि गच्चीवर भाडेकरू असतात. त्या हवेलीला कुठला रंग द्यायचा? आराखड्याने एक रंग दिला आणि उरलेल्या साऱ्याला ‘विसंगत वापर’ म्हटले. पाहणी करणाऱ्याने सगळे पाहिले होते, लिहूनही घेतले होते. रकाना एकच होता.

पुढच्या चाळीस वर्षांत या रकान्याबाहेर किती माणसे गेली, ते दिल्ली सरकारच्याच आर्थिक पाहणीत आहे. २००८-०९ च्या पाहणीत २००० सालच्या लोकसंख्येचे वस्तीप्रकारानुसार अंदाज दिले आहेत. त्यानुसार नियोजित वसाहतींत राहणारे होते २३.७ टक्के. बाकी झोपडपट्ट्या, पुनर्वसन वसाहती, घोषित गलिच्छ वस्त्या, अनधिकृत वसाहती, नियमित केलेल्या अनधिकृत वसाहती, नागरी खेडी, ग्रामीण खेडी. हा तक्ता मी प्रशिक्षणार्थींना नेहमी दाखवीत असे. चारांतला एक जण नियमात राहतो हे ऐकून ते हसत, आणि मग गप्प होत.

२००६ साली हे सारे एकदम उघड्यावर आले. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात निवासी भागांतील व्यापारी वापर बंद करण्याचे आदेश दिले, आणि दुकानांना सील ठोकणे सुरू झाले. व्यापाऱ्यांचे बंद झाले. २० सप्टेंबरला सीलमपूरमध्ये पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. त्याच महिन्यात केंद्राने मिश्र वापराची अधिसूचना काढली होती आणि पालिकेने गल्लीगणिक पाहणी करून दोन हजारांहून अधिक रस्ते व पट्टे व्यापारी किंवा मिश्र वापराचे म्हणून जाहीर केले. ७ फेब्रुवारी २००७ च्या मास्टर प्लॅनमध्ये हे सारे आले. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ऑगस्टमध्ये बेकायदा असलेली अनेक दुकाने ऑक्टोबरमध्ये कायदेशीर होती. त्यांचे शटर तेच, माल तोच, गिऱ्हाईक तेच. आकाशातून पाहणाऱ्या कुठल्याही यंत्राला या दोन महिन्यांत कसलाच बदल दिसला नसता. बदलला होता तो रकाना. शिवाय छतावरून खाली दुकान आहे की घर, हे उपग्रहाला कळत नाहीच. त्या वर्षी कामाला आली ती पायी केलेली पाहणी.

अनधिकृत वसाहतींची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे उपग्रह फार मोलाचा साक्षीदार ठरला. दिल्लीच्या १९५४ च्या भूसुधारणा कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे शेतजमीन बिगरशेती वापरासाठी नेली तर मालकाला बेदखल करून जमीन गावसभेकडे जाऊ शकत होती. साहजिकच शेताचे प्लॉट पाडून विकणाऱ्याला खरेदीखत नोंदवणे परवडणारे नव्हते. व्यवहार झाले ते मुखत्यारपत्रावर, करारनाम्यावर आणि मृत्युपत्रावर. म्हणजे पटवाऱ्याच्या दप्तरात शेत, नोंदणी कार्यालयात काही नाही, आणि जमिनीवर तीन मजले. लाखो कुटुंबांची आयुष्यभराची कमाई अशा कागदांत होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले, की मुखत्यारपत्रावरची विक्री म्हणजे मालकीचे हस्तांतरण नव्हे. कायद्याने ते योग्यच होते. पण आज कुणी नोंदणीकृत दस्तांच्या महाविदेवरून दिल्लीच्या जमीनबाजाराचा नकाशा काढू लागला, तर त्याला बाजाराचा एक मोठा हिस्सा मुळी दिसणारच नाही, हेही तितकेच खरे.

वसाहत नियमित करायची तर ती अमुक तारखेला होती हे सिद्ध करायला हवे. २००८ च्या नियमांत ही तारीख ३१ मार्च २००२ होती, पुढे ती १ जून २०१४ पर्यंत सरकली. अशी तारीख माणसांच्या जबानीवरून ठरवणे अवघड, चित्रावरून सोपे. २०१९ मध्ये संसदेने दिल्लीतील अनधिकृत वसाहतींच्या रहिवाशांच्या मालमत्ता-हक्कांना मान्यता देणारा कायदा केला. यादीत १,७३१ वसाहती होत्या. त्यांच्या सीमा उपग्रहचित्रांच्या आधारे आखल्या गेल्या आणि मुखत्यारपत्र व करारनामा यांची साखळी हक्काचा पुरावा म्हणून मान्य झाली. इथे वरून पाहणारा डोळा आणि ट्रंकेत जपलेला कागद यांना एकत्र आणावे लागले. एकट्याने काम झाले नसते.

राज्याची सीमा ओलांडून फरीदाबादकडे गेले, की हाच प्रश्न अधिक कठोर रूपात भेटतो. हरियाणाच्या महसुली दप्तरात ‘गैर मुमकिन पहाड’ असा एक शेरा आहे. अर्थ, लागवड शक्य नाही असा डोंगर. पटवाऱ्याला एवढेच सांगायचे होते, की इथून सारा मिळणार नाही. ७ मे १९९२ च्या अरवली अधिसूचनेने तेव्हाच्या गुडगाव जिल्ह्यातील अशा शेऱ्याच्या जमिनींवर बांधकाम व खाणकामाचे निर्बंध घातले. साऱ्याच्या हिशेबासाठी लिहिलेला शब्द पर्यावरणाचा कायदा झाला. पुढे २००५ च्या प्रादेशिक आराखड्यात नैसर्गिक संवर्धन क्षेत्र आले, ते उपग्रहचित्रांवरून आखायचे ठरले, आणि चित्र व दप्तर जुळेनात. चित्रात डोंगर, झुडपे, खाणींचे खड्डे आणि फार्महाउसे दिसत होती. त्यांपैकी वन कोणते, यावर राज्य आणि नियोजन मंडळ यांचे एकमत होईना, तेव्हा बऱ्याच क्षेत्रासाठी ‘स्थिती अद्याप ठरावयाची आहे’ असा एक नवा वर्गच निर्माण झाला. प्रशासनातल्या माणसाला या वर्गाची फार जुनी ओळख असते.

याच अरवलीत, दिल्लीच्या हद्दीला लागून, खोरी नावाची वस्ती होती. खाणमजुरांपासून सुरू झालेली, अनेक वर्षांत हजारो घरांची झालेली. १९०० सालच्या पंजाबच्या भूसंरक्षण कायद्याखालच्या आदेशांमुळे ती जमीन वन ठरत होती. ७ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा आठवड्यांत ती मोकळी करण्यास सांगितले, आणि ऐन पावसाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेमागोमाग, घरे पाडली गेली. न्यायालयाच्या निर्णयाची चर्चा इथे करीत नाही. अरवली राखणे गरजेचे आहे याबद्दल मला शंका नाही. मला खटकले ते पुढचे. पुनर्वसनासाठी पात्र कोण? बडखल मतदारसंघाच्या यादीत नाव असलेला, हरियाणाचे परिवार ओळखपत्र असलेला, किंवा हरियाणाच्या वीज कंपनीचे मीटर असलेला. खोरी सीमेवरची वस्ती. अनेकांकडे दिल्लीचे मतदार ओळखपत्र होते, वीज खाजगी पुरवठादाराकडून घेतलेली होती. त्यांची छपरे वर्षानुवर्षे उपग्रहचित्रांत होती, मोबाइल रोज रात्री त्याच मनोऱ्याला जोडला जात होता. ते तिथे राहत होते याबद्दल महाविदेला तिळमात्र संशय नसता. पण ही साक्ष घेण्याची तरतूद नव्हती. जमीन वन आहे हे ठरवताना १९०० सालचा कायदा चालला, आणि माणूस रहिवासी आहे हे ठरवताना तीनच कागद.

म्हणून या क्षेत्रात काम करणाऱ्या तरुण अभ्यासकांना माझे सांगणे असते, की ठिपक्याच्या आत काय आहे ते आधी पाहा. रात्रीच्या प्रकाशाच्या ज्या चित्राने मी सुरुवात केली, त्याचा एक ठिपका सुमारे ७५० मीटर बाजूचा असतो. एवढ्या चौकटीत शाहपूर जाट आणि शेजारचे क्रीडाग्राम एकत्र बसते, आणि दोघांचा मिळून एक उजेड निघतो. गुरुग्राममध्ये चकरपूर, नाथूपूर, सिकंदरपूर ही खेडी डीएलएफच्या टोलेजंग इमारतींना अगदी चिकटून आहेत. सकाळी खेड्यातल्या भाड्याच्या खोलीतून निघून समोरच्या टॉवरमध्ये स्वयंपाकाला जाणारी बाई मोबाइलच्या नोंदीत बहुधा जागची हलतच नाही, कारण दोन्ही जागा एकाच मनोऱ्याच्या कक्षेत येतात. मेट्रोच्या कार्डात ती नसते, बसमध्ये नसते. ती चालत जाते. अशा नोंदींवरून शहराची ठेवण काढली तर तिचा प्रवास शून्य निघेल, आणि दूरच्या सेक्टरातून मोटारीने येणाऱ्याचा तासाभराचा. रस्ता कुणासाठी रुंद करायचा ते मग आकडेच सांगतात.

लाल डोऱ्याचा कोरा नकाशा भरण्याचे प्रयत्न आता चालू आहेत, आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रात आहे. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात सोनोरी गावी भूमी अभिलेख विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांनी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग केला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या देशव्यापी स्वामित्व योजनेत हीच पद्धत आली. ड्रोन उडण्याआधी गावात चुना आणतात. प्रत्येक कुटुंबाने, ग्रामपंचायतीच्या आणि शेजाऱ्यांच्या समक्ष, आपल्या मिळकतीभोवती चुन्याची पांढरी रेघ मारायची असते. भांडणे होतात ती तेव्हाच होतात, आणि बरीचशी तेव्हाच मिटतात. मग ड्रोन वर जाऊन त्या रेघांचे छायाचित्र घेतो.

सोनोरीत बहुतेक घरांना एकच छप्पर आहे. मुनिरक्यात एका छपराखाली चार-पाच मजले, तळाशी दुकान, मधे एकेका खोलीत दोघे-तिघे भाडेकरू, आणि सर्वांत वर बहुधा तोच घरमालक, ज्याच्या आजोबांची शेते साठ वर्षांपूर्वी गेली. तिथे चुन्याची रेघ कुणी, कुठल्या मजल्याभोवती मारायची, हे अजून कुणी लिहिलेले नाही.